सूक्ष्म जलजीवांच्या ‘जठरां’चा वाद : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इ. स. १६७० च्या दशकात लेव्हेनहूक यांनी पाण्यातील सूक्ष्मजीवांचे वर्णन केले. परंतु हे जीव अन्नग्रहण कसे करतात, या प्रश्नाचा निर्णय एकोणिसाव्या शतकापर्यंत लागला नाही.

जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी अशा जीवांना नीळ व कार्मिन या रंगांचे कण खाऊ घातले. त्यांच्या शरीरात रंगीत गोलके दिसू लागली. प्रत्येक गोलक म्हणजे एक जठर, असे मानून एरेनबर्ग यांनी त्यांना ‘बहुजठरी’ ठरविले आणि १८३८ च्या ग्रंथात परिपूर्ण प्राणी म्हणून वर्णिले. त्याच ग्रंथात समाविष्ट असलेल्या रोटिफरांना खरोखरच पचनमार्ग असतो. त्यामुळे हे अनुमान निराधार वाटत नव्हते.

फ्रान्समधील द्युजार्दँ यांनी त्यास आव्हान दिले. ही गोलके शरीरात फिरतात आणि त्यांना जोडणारे आतडे आढळत नाही, हे त्यांनी निदर्शनास आणले. या जीवांतील जिवंत द्रव्यास त्यांनी १८३५ मध्ये ‘सारकोड’ हे नाव दिले. १८४५ मध्ये झीबोल्ड यांनी आदिजीव एकपेशीय असल्याचे प्रतिपादन केले. ती गोलके म्हणजे अन्नकणांभोवती तात्पुरत्या निर्माण होणाऱ्या अन्नरिक्तिका होत, हे कालांतराने सर्वमान्य झाले. पेशीअंतर्गत पचनाच्या अभ्यासातूनच मेच्निकोव्ह १८८२ मध्ये भक्षक पेशींच्या सिद्धांताकडे वळले व रोगप्रतिकारशास्त्रास नवी दिशा मिळाली.

एरेनबर्ग यांचे निरीक्षण अचूक होते. मोठ्या प्राण्यांची शरीररचना सूक्ष्मजीवांत गृहीत धरल्यामुळे त्यांचा निष्कर्ष चुकला.