जन्मनोंदीच्या आधीचे नऊ महिने

शासनाच्या दप्तरात माणसाचा प्रवेश जन्माच्या दिवशी होतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाखाली जी माहिती भरून द्यावी लागते, तिचे दोन भाग असतात. पहिला कायदेशीर: दिनांक, स्थळ, नाव, आईवडील. दुसरा सांख्यिकीय, त्यात बाळाचे जन्मवेळचे वजन आणि गरोदरपणाचे आठवडे यांसाठी रकाने आहेत. पहिल्या भागावरून दाखला मिळतो, म्हणून त्यातली एक वेलांटी चुकली तरी लोक कचेरीत खेटे घालतात. दुसऱ्या भागाकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. माझ्या मते मात्र त्या दोन रकान्यांत गावाच्या हवेचा, पाण्याचा आणि स्वयंपाकघराचा इतिहास उतरलेला असतो. शिशाची कथा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

शिसे गर्भाला बाधते, हे ज्ञान नवे नाही. कॉन्स्तांतँ पॉल या फ्रेंच वैद्याने १८६० साली शिशाशी संबंध येणाऱ्या कामगार स्त्रियांमधील गर्भपात आणि मृतजन्म नोंदवून ठेवले होते. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. मातृत्वाला असलेला धोका लक्षात घेऊन शिशाच्या कित्येक प्रक्रियांतून स्त्रियांना वगळावे, अशी शिफारस तिने केली. या संघटनेत भारत आरंभापासून सदस्य होता. पण लगेच दोन वर्षांनी, १९२१ मध्ये, अमेरिकेत थॉमस मिजलीने पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती शोधली आणि १९२३ पासून ते पेट्रोल विकले जाऊ लागले. जे विष कारखान्याच्या दारात अडवायचे ठरले होते, ते रस्त्यावर आले. कारखान्याला निरीक्षक असतो. रस्त्याला कोण असणार?

आपल्याकडे या प्रश्नाला वाचा फुटली ती मुख्यतः बंगळूरमध्ये. १९९० च्या दशकाच्या अखेरीस येथील जॉर्ज फाउंडेशनने बंगळूरसह देशातील मोठ्या शहरांतील मुलांचे रक्त तपासले. निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले. फेब्रुवारी १९९९ मध्ये बंगळूरला या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली, आणि सेंट जॉन्स वैद्यकीय संस्थेत डॉ. तुप्पिल वेंकटेश यांच्या पुढाकाराने शिसे-विषबाधेचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. प्रशासनाच्या इतिहासात असे निर्भेळ यश क्वचित नोंदवता येते.

तथापि कायद्याने पंप रिकामे झाले, हाडे नव्हेत. प्रौढ माणसाच्या शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत साठते आणि तेथे कित्येक वर्षे राहते, कारण शरीर त्याला कॅल्शियमच समजते. गरोदरपणी बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते, त्याबरोबर शिसेही निघते. आणि वार त्याला अडवू शकत नाही. ब्रायन गल्सन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात पूर्व युरोपातून तिकडे स्थलांतरित झालेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. दोन्ही प्रदेशांतल्या शिशाची समस्थानिकांची ठेवण निराळी होती. गरोदरपणात या स्त्रियांच्या रक्तात मूळ देशातले शिसे वर आले. माहेर सोडून वर्षे लोटली, तरी माहेरचा धूर अंगात होता.

घरापासून दूर राहणाऱ्या मराठी वाचकाने हा मुद्दा मनावर घ्यावा. १९९५ च्या सुमारास पुण्यात स्कूटरच्या पुढे उभी राहून बालवाडीत जाणारी मुलगी आज तिशीत आहे. ती देवनहळ्ळीत असो वा न्यू जर्सीत, त्या रस्त्याचा अंश तिच्या हाडांत असू शकतो.

देवनहळ्ळीजवळ २००८ साली विमानतळ सुरू झाला, आणि त्या निमित्ताने येथे येऊन राहिलेल्या आम्हा मंडळींत विमानांच्या धुराची चर्चा नेहमी होते. धूर निरुपद्रवी नाही. पण जेट विमानांच्या इंधनात शिसे नसते. ते असण्याचा संभव अधिक जवळ आहे: जुन्या रंगाच्या पोपड्यांत, वस्तीतल्या बॅटऱ्या फोडण्याच्या धंद्यात, भेसळीच्या कल्हईत आणि पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट चोळलेल्या हळदीत. घरगुती रंगांत दशलक्ष भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम भारतात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या भिंती अर्थातच तशाच आहेत.

हळदीच्या बाबतीत बांगलादेशाचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तेथील ग्रामीण गर्भवतींच्या रक्तातले शिसे हळदीतून येते, हे २०१९ साली समस्थानिकांवरून सिद्ध झाले. शासनाने इशारे दिले, घाऊक बाजारात छापे घातले, दंड केले. २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्के भेसळीचे होते. २०२१ मध्ये एकही सापडला नाही. नवा कायदा करावा लागला नाही. असलेला राबवला गेला.

शिशामुळे जन्मवजनात होणारी सरासरी घट लहान असते. आईचे पोषण, रक्तक्षय, उंची अशी कारणे तिच्याहून मोठी ठरतात. शिवाय लोह आणि कॅल्शियम कमी असले की शिसे अधिक शोषले जाते. म्हणून एका बाळाकडे पाहून काहीच सांगता येत नाही. हजारो नोंदी एकत्र मांडल्या तर कल दिसतो. अडचण इथेच आहे. हवापाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, हळद अन्नसुरक्षा विभागाकडे, गर्भवती आरोग्य खात्याकडे आणि वजनाचा रकाना निबंधकाकडे. चार दप्तरे एका टेबलावर आणणे हे संशोधकाचे नव्हे, जिल्हा प्रशासनाचे काम आहे.

तोवर घरोघरी करण्याजोगे थोडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार गर्भवतीच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून तो थांबवावा, आणि आहारात कॅल्शियम अपुरे असल्यास ते पुरवावे. सरकारी दवाखान्यात गर्भवतीला मिळणारी कॅल्शियमची गोळी ही आईच्या हाडांचीही राखण आहे. ती डब्यात पडून राहू नये. आणि बाळाच्या जन्माची माहिती भरताना वजनाचा रकाना कोरा सोडू नये.