१८८२ चे मुंबईचे वादळ : एका नोंदीची चिकित्सा

जगातील भीषण नैसर्गिक आपत्तींच्या ज्या सूची संदर्भग्रंथांतून छापल्या जातात, त्यांतील समुद्री वादळांच्या कोष्टकात मुंबईच्या नावावर एक नोंद पुष्कळदा आढळते. दिनांक ६ जून १८८२; मृत्यू एक लक्ष. नोंद इतकीच असते. वाऱ्याचा वेग, लाटेची उंची, बुडालेल्या गलबतांची संख्या, यांपैकी काहीही तीत नसते. तथापि एक लक्ष हा आकडा लहान नव्हे. ही नोंद खरी मानली, तर अरबी समुद्राच्या ज्ञात इतिहासात एवढा मनुष्यसंहार करणारे दुसरे वादळ दाखविणे कठीण जाईल. असे वादळ १८८२ साली मुंबईस झालेच नाही, हे अलीकडच्या संशोधनाने बहुतेक निर्विवाद केले आहे. प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे ते असे, की ही नोंद कोणत्या कसोट्यांवर टिकत नाही, न टिकणारी नोंद सूचींमधून का टिकून राहते, आणि ती काढून टाकल्यानंतर मुंबई व तिच्या खाडीपलीकडील नव्या वस्तीच्या धोक्यासंबंधी आपण काय म्हणावे.

पहिली कसोटी शिरगणतीची. १८८१ च्या शिरगणतीत मुंबई शहराची लोकसंख्या ७,७३,१९६ भरली. तीपैकी एक लक्ष माणसे पुढील वर्षी एका दिवसात नाहीशी झाली असती, तर शहराचा सुमारे आठवा हिस्सा गेला असता. १८९१ च्या शिरगणतीत ही संख्या ८,२१,७६४ झालेली दिसते. स्थलांतराने तूट भरून निघते हे खरे, म्हणून एवढ्यावरून निर्णय करता येत नाही. परंतु प्लेगाने १८९६ नंतर या शहराची जी दैना केली, तिची खूण १९०१ च्या शिरगणतीत उघड उमटली आहे. १८८२ ची तशी खूण कोठेही नाही.

दुसरी कसोटी वेधांची. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली, आणि १८४१ पासून तेथे हवेचे व चुंबकत्वाचे वेध नियमाने घेतले जाऊ लागले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले होते आणि केरो लक्ष्मण छत्रे यांच्या शास्त्राध्ययनाचा आरंभ तेथेच झाला, हे मराठी वाचकांस ठाऊक आहेच. १८८२ साली ही वेधशाळा चालू होती. वादळाचे केंद्र जवळून गेले की वायुभारमापकातील पारा झपाट्याने उतरतो. यंत्रास विस्मरण नसते. शिवाय १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यास झालेल्या प्रलयंकर वादळानंतर सरकारचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले होते आणि १८७५ साली हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना होऊन हेन्री ब्लॅनफोर्ड यांची त्यावर नेमणूक झाली होती. वादळांची नोंद ठेवणे हेच ज्या खात्याचे एक प्रमुख कर्तव्य, त्याच्या डोळ्यांदेखत एवढा उत्पात व्हावा आणि विज्ञानाच्या वाङ्मयात त्याची चर्चा होऊ नये, हे संभवत नाही.

तिसरी कसोटी वृत्तपत्रांची. १८८२ ची मुंबई मुकी नव्हती. इंग्रजी दैनिके होती. गुजरातीत ‘मुंबई समाचार’, मराठीत ‘ज्ञानोदय’ व ‘इंदुप्रकाश’ ही पत्रे जुनी झाली होती. पुण्यास ‘केसरी’ आदल्याच वर्षी सुरू झाला होता. गिरणी, गोदी, आगगाडी व तारायंत्र असलेल्या शहरात लाख माणसे मरतात आणि तारेने ती वार्ता लंडनला पोहोचत नाही, असे घडणे शक्य नाही. अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ (२०१६) या ग्रंथात या वादळाचा शोध घेतला, तेव्हा समकालीन पत्रांतून अशा उत्पाताचा मागमूस लागला नाही आणि हे वादळ म्हणजे एक दंतकथा होय, या निष्कर्षाप्रत ते आले.

मग नोंद टिकून का राहते? येथे पाठचिकित्सेचा एक साधा नियम उपयोगी पडतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली (१९६६), तिच्या संपादकांना असंख्य पोथ्या तपासाव्या लागल्या. परंतु पोथ्यांची संख्या हे प्रमाण नव्हे. एकाच मूळ पोथीवरून उतरविलेल्या दहा प्रती म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार दहा मुखांनी बोलत असतो. आपत्तींच्या सूचींचे असेच आहे. एक सूची दुसरीवरून उतरते, दुसरी तिसरीवरून. प्रत्येक प्रतीबरोबर नोंदीला प्रतिष्ठा चढते, पुरावा मात्र वाढत नाही. ‘मृत्यू एक लक्ष’ हा पाठ सर्वत्र अक्षरशः एकच राहतो, त्यात कोठेही पाठभेद नाही, हीच त्याच्याविरुद्धची शंका होय. खऱ्या आपत्तीचे आकडे भिन्न साक्षीदारांच्या मुखी भिन्न असतात, कारण ते स्वतंत्रपणे मोजलेले असतात.

हे उदाहरण एकाकी नाही. १७३७ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यास झालेल्या उत्पातात तीन लक्ष माणसे दगावली, असे जगभरच्या सूची दीर्घकाळ सांगत आल्या. कित्येक ग्रंथांनी तर तो भूकंप म्हणून नोंदविला. रॉजर बिलहॅम यांनी १९९४ साली मूळ कागदपत्रे तपासून दाखविले, की वादळ खरे होते, परंतु त्या काळच्या कलकत्त्याची वस्तीच तीन लक्षांच्या आसपासही नव्हती आणि समकालीन अहवालातील मृतांचा आकडा तीन हजारांच्या घरातला होता. कलकत्त्यास खऱ्या वादळाचा आकडा फुगला. मुंबईस आकड्यानेच वादळ निर्माण केले.

आता उलट बाजू. मुंबईस खरी वादळे झाली, पण ती जगाच्या सूचींत शिरली नाहीत. १ नोव्हेंबर १८५४ च्या वादळाने बंदरात हाहाकार केला. सुमारे एक हजार माणसे दगावल्याचे शहराच्या इतिहासाची साधने सांगतात. २१–२२ नोव्हेंबर १९४८ चे वादळ तर वयोवृद्ध मुंबईकरांच्या स्मरणात अगदी अलीकडेपर्यंत होते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट पावसाळी समुद्रात कलंडली आणि सहाशेहून अधिक उतारू बुडाले. ते चक्रीवादळ नव्हते. तथापि गिरगाव, परळ व अलिबाग येथील कुटुंबांनी जपलेली ती आठवण आणि सूचीतले १८८२ चे वादळ शेजारी ठेवून पाहावे. एकीकडे ज्यांची नावे घरोघर ठाऊक होती असे मृत, दुसरीकडे ज्यांतील एकाचेही नाव कोणास सांगता येत नाही असे एक लक्ष.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. वादळांचे पूर्वानुमान दोन प्रकारचे असते. एक, आज समुद्रात असलेले वादळ उद्या कोठे जाईल याचे. दुसरे, अमुक किनाऱ्यावर शंभर वर्षांत किती व केवढी वादळे येतील याचे. पहिले उपग्रह, रडार व गणिताच्या आधारे चालते. दुसऱ्याचा पाया मात्र पुष्कळ अंशी इतिहास हाच असतो. त्या इतिहासात एक खोटे वादळ शिरले की हिशेब बिघडतो. आणि त्याहून सूक्ष्म हानी पुढे आहे. १८८२ ची नोंद खोटी ठरली, हे कळताच ‘म्हणजे मुंबईस भय नाही’ असा उलटा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पुरावा खोटा ठरल्याने प्रतिज्ञा खोटी ठरत नाही, हा तर्कशास्त्राचा नियम येथे विसरून चालणार नाही.

भयाचे खरे कारण वादळाच्या रचनेत आहे. ‘सायक्लोन’ हा शब्द हेन्री पिडिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात कलकत्त्यास घडविला. त्याच्या मुळाशी असलेला ग्रीक ‘कुक्लोस्’ आणि आपला ‘चक्र’ हे एकाच धातूचे वंशज आहेत; म्हणून ‘चक्रीवादळ’ हा मराठी शब्द केवळ भाषांतर न राहता आप्त ठरतो. या शब्दातच सिद्धान्त साठविला आहे. उत्तर गोलार्धात वारे केंद्राभोवती डावीकडे वळत फिरतात. त्यामुळे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वादळ चढले, तर केंद्राच्या दक्षिणेस वारे समुद्राकडून जमिनीकडे पाणी लोटतात आणि उत्तरेस जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धनजवळ, मुंबईच्या दक्षिणेस सुमारे शंभर किलोमीटरवर चढले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली व मंडणगड या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, मुंबई वाचली. तेच केंद्र मुंबईच्या किंचित उत्तरेस चढले असते, तर लोटलेले पाणी बंदरात व ठाण्याच्या खाडीत शिरले असते. वेळ उधाणाच्या भरतीची असती, तर भरतीच्या सुमारे पाच मीटर उंचीवर ते पाणी आणखी चढले असते.

नव्या मुंबईचा विचार येथे करावा लागतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर ठाणे व पनवेल खाड्यांच्या काठी जे शहर उभे राहिले, त्याचा पुष्कळ भाग पूर्वी आगरी-कोळ्यांच्या खारजमिनीचा, मिठागरांचा व खाजणांचा होता. कित्येक ठिकाणी भूमी मोठ्या भरतीच्या पातळीहून सखल असल्याने बांध घालून व धारण तलाव खोदून पाणी आवरण्याची व्यवस्था करावी लागली. भरती आली की तलावाची झडप मिटते, ओहोटी लागली की उघडते. कोकणातील खारबंदिस्तीच्या ‘उघाडी’चेच हे मोठे रूप होय. ही व्यवस्था भरती-ओहोटीचे वेळापत्रक गृहीत धरते. वादळाने चढविलेले पाणी ते वेळापत्रक पाळत नाही, आणि त्याच वेळी पावसाचे पाणी आत साचत असते.

तात्कालिक पूर्वानुमानाने आज मोठा पल्ला गाठला आहे. १९९९ साली ओडिशात वादळाने सुमारे दहा हजार माणसे घेतली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ येण्यापूर्वी सुमारे दहा लक्ष माणसे हलविण्यात आली आणि जीवितहानी त्या मानाने अत्यल्प झाली. परंतु इशारा मिळणे आणि तो पाळला जाणे यांत अंतर आहे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ मुंबईच्या पश्चिमेकडून उत्तरेस गेले. इशारा काही दिवस अगोदर मिळालेला असूनही ‘पी-३०५’ हा तराफा २६१ माणसांसह तेलक्षेत्रातच राहिला आणि १७ मे रोजी बुडाला. सत्तराहून अधिक माणसे मृत्यू पावली. किनाऱ्यावरील कोळी ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य ऐकून होडी ओढून घेतो, कारण ते वाक्य पूर्वी खरे ठरलेले त्याने पाहिलेले असते. इशाऱ्याचे बळ त्यामागील अनुभवाच्या सत्यतेत असते.

म्हणून १८८२ ची नोंद सूचींतून काढून टाकली पाहिजे; आणि तिच्या रिकाम्या जागी १८५४, १९४८, २०२० व २०२१ ही वर्षे, त्यांच्या प्रमाणसिद्ध आकड्यांसह, लिहिली पाहिजेत. ते आकडे लहान आहेत. परंतु खाडीकाठच्या बांधाची उंची ठरविणाऱ्या अभियंत्यास त्या लहान पण खऱ्या आकड्यांवर विसंबता येते, मोठ्या पण कल्पित आकड्यावर येत नाही.