मध: जिभेवरचा आणि जखमेवरचा

अजिंठ्याच्या कड्याला लटकलेली आग्या माश्यांची मोहोळं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. पूर्वी मध असाच मोहोळातून यायचा आणि घरात औषध म्हणून जपून ठेवला जायचा. खोकला असो, भाजणं असो की बाळाची गुटी, बाटली एकच. म्हणून प्रश्न येतो: दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या अंगाला मध लावला तर चालतो का?

आपल्या परंपरेत मधाच्या दोन वाटा आहेत, बघा. एक जखमेची. सुश्रुतसंहितेत व्रणावर मध आणि तूप सांगितलं आहे. दुसरी जिभेची. जातकर्मात नवजात बाळाला सोन्यानं मध-तूप चाटवायचं. दोन्ही जुन्या, म्हणून दोन्ही सारख्याच निर्धोक, असं आपण धरून चाललो.

विसाव्या शतकात दोन्हींची परीक्षा झाली आणि निकाल वेगवेगळे लागले.

१९७६ साली कॅलिफोर्नियात तान्ह्या बाळांचा बोट्युलिझम हा आजार ओळखला गेला. पुढच्या काही वर्षांत त्याचा मधाशी संबंध दिसला. मधात या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत; वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठता, मग रडणं क्षीण, मान लुळी, पापण्या जड. घरी मध उकळला तरी हे बीजाणू मरतात असं नाही.

दुसरी परीक्षा आपल्या शेजारी, सोलापुरात झाली. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास ब्रिटनच्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात छापला. निम्म्यांना मध, निम्म्यांना चांदीयुक्त मलम. पंधरा दिवसांत मधाच्या गटात ८७ टक्के जखमा भरल्या, मलमाच्या गटात १० टक्के. म्हणजे सुश्रुताची वाट पोकळ नव्हती. मधातली साखर जखमेतलं पाणी ओढते, त्याची आम्लता जंतूंना वाढू देत नाही.

मग बाटली उघडायची का? थांबा. सोलापूरचे रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली होते. आज जखमेसाठी मिळणारा वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. स्वयंपाकघरातला तसा नसतो.

तेव्हा हिशेब असा. मूल वर्षाच्या आतलं असेल तर मध तोंडात नाही आणि अंगावरही नाही, कारण बाळाचा हात तोंडातच जातो. वर्षानंतर धडधाकट कातडीवर थोडा लागला तर घाबरायचं कारण नाही. पुरळ उठलं, खाज आली तर धुऊन टाका. पण फुटलेली कातडी, लंगोटाचं लालसर चट्टं, खरूज, इथं घरचा मध नको. भाजलं तर आधी वीस मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा आणि दवाखाना गाठा.

परंपरा सरसकट खरीही नसते, खोटीही नसते. तिची एकेक वाट वेगळी तपासावी लागते.