हातांची परीक्षा

गुडघा आखडला, खांदा जखडला किंवा पक्षाघातानें एक अंग लुळें पडलें, म्हणजे घरांतील मंडळींपुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, हें अंग कोणाच्या हातीं सोंपवावें? मालिशवाला, हाडवैद्य, तालमींतील वस्ताद आणि दारावर पाटी लावून बसलेला फिजिओथेरपिस्ट, हे सर्वच हातांनीं काम करतात. आणि दुखण्यानें गांजलेल्या माणसास प्रत्येक हात आशेचाच वाटतो. यांतून शिकलेला हात कसा ओळखावा? फिजिओथेरपी हा व्यवसाय जन्मास आला तो याच प्रश्नापोटीं.

अंगमर्दनाची कला नवी नव्हे. आयुर्वेदानें अभ्यंगास दिनचर्येंतच स्थान दिलें आहे. तिला पद्धतशीर व्यायामाची जोड मिळाली ती स्वीडनमध्यें. पेर हेन्रिक लिंग या पट्टेबाजीच्या शिक्षकानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें राजाश्रयानें एक व्यायामसंस्था स्थापिली आणि रोगनिवारक व्यायाम ही तेथील शिक्षणाची एक स्वतंत्र शाखा मानली. लिंगची पद्धति पुढें युरोपभर पसरली.

परंतु विद्या पसरली कीं तिच्या नांवावर भलताच व्यापारहि चालूं लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन शहरांत मालिशच्या पाट्यांआड अनीतीचे अड्डे चालत. १८९४ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नें या प्रकारास वाचा फोडली. त्याबरोबर, रुग्णांचीं अंगें चोळून प्रामाणिकपणें पोट भरणाऱ्या परिचारिकांच्या अब्रूवरहि संशयाची छाया पडली. अशा वेळीं त्यांनीं लाजून काम सोडलें असतें तर नवल नव्हतें. परंतु ल्यूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली व मार्गारेट पामर या चौघींनीं त्याच वर्षीं प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली, परीक्षा सुरू केली आणि स्वतःसच नियमांनीं बांधून घेतलें. डॉक्टरच्या सूचनेवांचून मालिश करावयाचें नाहीं. वैद्यकीय पत्रांखेरीज अन्यत्र जाहिरात द्यावयाची नाहीं. रुग्णास औषधें विकावयाचीं नाहींत. पुरुषांस सर्वांग मर्दन करावयाचें नाहीं, आणि अपवाद करावयाचा तो डॉक्टरनें खास सांगितल्यासच. आरोपास त्यांनीं दिलेलें उत्तर तें हें. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असें न म्हणतां, विश्वास पारखण्याचें साधनच त्यांनीं लोकांच्या हातीं दिलें.

पुढें १९१४ च्या महायुद्धांत जखमी सैनिकांची रीघ लागली आणि या विद्येची गरज सर्वांस पटली. १९२० सालीं संस्थेस राजसनद मिळाली. व्यायाम, उष्णता, वीज आणि पाणी यांचा उपचारांत समावेश होत गेला, तेव्हां ‘मालिश’ हें नांव अपुरें पडूं लागलें. आणि १९४४ सालीं संस्थेनें ‘फिजिओथेरपी’ हें नांव धारण केलें.

हिंदुस्थानांत या शिक्षणाचा पाया घातला गेला तो मुंबईंत, आणि तोहि एका संकटानें. १९५२ च्या पोलिओच्या साथीनंतर, १९५३ सालीं परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें फिजिओथेरपीची शाळा निघाली. पोलिओनें मज्जारज्जूंतील पेशी मेल्या म्हणजे स्नायूंस मिळणारी आज्ञाच बंद पडते. मेलेली पेशी कोणताहि हात जिवंत करूं शकत नाहीं. परंतु उरलेल्या स्नायूंचें बळ वाढविणें, सांधा वांकडा होऊं न देणें आणि पट्ट्यांच्या आधारानें मुलास चालावयास शिकविणें, एवढें त्या हातास साधतें. आणि घरांत कोपऱ्यांत बसणारें मूल शाळेच्या बाकावर बसूं लागतें, तें यामुळेंच. २०१४ सालीं भारत पोलिओमुक्त ठरला. शिकलेल्या हातांची गरज मात्र संपली नाहीं. पक्षाघात, अस्थिभंग, संधिवात व पाठदुखी यांचे रुग्ण आज त्याच विद्येचा आश्रय घेतात.

२०२१ सालीं संसदेनें या व इतर आरोग्यव्यवसायांचें शिक्षण आणि नोंदणी यांसाठीं कायदा केला. तेव्हां आपल्या भागांतील फिजिओथेरपिस्ट निवडतांना पदवी कोणती व नोंदणी कोठें, हें विचारण्यांत संकोच मानूं नये. शिवाय त्याची रीत पाहावी. जाणता मनुष्य अंगास हात लावण्यापूर्वीं दुखण्याची हकीकत विचारतो. सांधा किती वळतो, स्नायूंत जोर किती आहे, हें तपासतो. घरीं करावयाचा व्यायाम शिकवून रुग्णास तो आपल्यावर अवलंबून राहूं देत नाहीं. आणि विनाकारण वजन घटत असेल, ताप असेल किंवा पायांतील शक्ति एकाएकीं गेली असेल, तर मालिश न करतां तो रुग्णास तत्काळ डॉक्टरकडे धाडतो. हमखास गुण येण्याची ग्वाही देणाऱ्यापेक्षां, आपल्या विद्येची मर्यादा सांगणाऱ्याच्या हातीं अंग सोंपविणें अधिक शहाणपणाचें होय.