अमेरिकेतील पिकअप ट्रकांचा इंधनखर्च : मोजणी आणि वास्तव (१९७३–२०१३)

पुढे माणसांसाठी खोली व मागे मालासाठी उघडा हौदा अशी रचना असलेला मोठा पिकअप ट्रक हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे एक प्रातिनिधिक वाहन होय. फोर्ड कंपनीची ‘एफ’ मालिका १९७७ पासून त्या देशात सर्वाधिक खपणारी ट्रकमालिका ठरत आली आहे. अशा वाहनाला एक गॅलन पेट्रोलमध्ये प्रत्यक्षात किती मैल जाता येते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ यंत्रशास्त्राचा वाटतो. परंतु सरकारी आकडा आणि मालकाचा अनुभव यांत जी तफावत दिसते, तिचे मूळ इंजिनाइतकेच कायद्याच्या आणि मोजणीच्या इतिहासात आहे. कायद्याने हे वाहन भरलेले मानले. मोजणीने ते रिकामे मानले. या दोन गृहीतांचा मेळ पुरतेपणी कधीच घातला गेला नाही.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची निर्यात रोखल्यानंतर अमेरिकेत इंधनबचतीचा विचार निकडीचा झाला. डिसेंबर १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या स्वाक्षरीने झालेल्या कायद्यात प्रवासी मोटारींसाठी सरासरीची मर्यादा स्पष्ट आकड्यांत नमूद होती : १९७८ च्या मॉडेलांसाठी गॅलनमागे १८ मैल व १९८५ च्या मॉडेलांसाठी २७.५ मैल. ट्रकांची मर्यादा ठरविण्याचे काम मात्र प्रशासनावर सोपविण्यात आले. शेतकरी, गवंडी, सुतार यांचे हे श्रमाचे साधन. ओझे वाहण्यासाठी त्याचा सांगाडा जड असणारच, ही त्यामागील भूमिका होती. त्यानुसार १९७९ च्या मॉडेलांपैकी दोन चाकांना गती मिळणाऱ्या ट्रकांना १७.२ मैलांची, तर चारही चाकांना गती मिळणाऱ्या ट्रकांना १५.८ मैलांची मर्यादा मिळाली. ही मर्यादाही प्रथम वाहन, माल व माणसे मिळून ६,००० पौंडांपर्यंतच्या ट्रकांनाच लागू होती. १९८० च्या मॉडेलांपासून ती ८,५०० पौंडांपर्यंत वाढविण्यात आली. १९७८ साली अधिक इंधन पिणाऱ्या मोटारींवर बसविलेल्या करातूनही ट्रक वगळले गेले.

वजनाच्या अशा सीमारेषा वाहनांच्या घडणीवर कसा परिणाम करतात, याचे उदाहरण १९७५ च्या ‘एफ-१५०’ या ट्रकात सापडते. त्या काळी ६,००० पौंडांहून अधिक भारक्षमतेच्या ट्रकांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची व शिसेविरहित पेट्रोलची सक्ती नव्हती. हा ट्रक त्या रेषेच्या किंचित पलीकडे बसेल अशा बेताने आखला गेला होता.

आता मोजणीकडे वळू. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या चाचणीत वाहन रस्त्यावर न धावता प्रयोगशाळेतील रोलरवर धावते. शहरी चाचणीचा वेगक्रम १९६० च्या दशकातील लॉस एंजेलिसच्या रहदारीवरून बेतलेला होता. महामार्गाच्या चाचणीत वेग ताशी ६० मैलांच्या वर जात नसे व सरासरी ४८ मैलांच्या आसपास राहत असे. हवा समशीतोष्ण, वातानुकूलन बंद, आणि वाहनाच्या स्वतःच्या वजनावर फक्त ३०० पौंडांची भर धरलेली. हौद्यात माल नाही, मागे जोडगाडी नाही. १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली होती, हे लक्षात घेता वेगाच्या बाबतीत ही चाचणी त्या काळी फारशी विसंगत नव्हती.

तथापि वापरातील वाहनांची पाहणी होऊ लागली तेव्हा आकडे फुगलेले आढळले. म्हणून १९८४ साली ठरलेल्या नियमानुसार १९८५ च्या मॉडेलांपासून लेबलवरील शहरी आकडा १० टक्क्यांनी, तर महामार्गाचा आकडा २२ टक्क्यांनी कमी करून छापला जाऊ लागला. १९९५ मध्ये राष्ट्रीय वेगमर्यादा रद्द झाली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५५ वरून ७५ मैलांवर गेल्यास तो सुमारे १.८६ पट होतो. उंच व रुंद तोंडाच्या पिकअपला हा भार विशेष जाणवतो. २००६ च्या नियमाने २००८ च्या मॉडेलांपासून ताशी ८० मैलांपर्यंतचा वेग, उन्हाळ्यातील वातानुकूलन व कडाक्याची थंडी यांचा हिशेब लेबलात आणला. परंतु कंपनीने सरासरीची मर्यादा पाळली की नाही, हे तपासताना जुन्या दोन चाचण्यांचाच आधार कायम राहिला. परिणामी एकाच ट्रकाला दोन सरकारी आकडे लाभले : एक ग्राहकासाठी, दुसरा कायद्यासाठी.

मोजण्याच्या एककानेही दिशाभूल केली. १०० मैलांच्या प्रवासात गॅलनमागे १५ ऐवजी २० मैल जाणारा ट्रक १.६७ गॅलन वाचवितो. ३० ऐवजी ४० मैल जाणारी मोटार केवळ ०.८३ गॅलन वाचविते. म्हणजे जेथे सुधारणा किरकोळ भासते, तेथेच बचत दुप्पट असते. दर १०० मैलांस लागणारे गॅलन हा आकडा २०१३ च्या मॉडेलांपासून लेबलवर अनिवार्य झाला.

दरम्यान ट्रकाचा वापरही पालटला. अनेक कुटुंबांत तो नोकरीवर जाण्याचे व बाजारहाटाचे वाहन बनला. अशा मालकाला रिकाम्या हौद्याचा आकडा बराचसा खरा ठरतो. पण मग श्रमाचे साधन म्हणून दिलेल्या सवलतीचा आधार सुटतो. उलट जो शेतकरी खरोखरच ओझे वाहतो किंवा जोडगाडी ओढतो, त्याला सवलतीचे समर्थन लागू पडते. परंतु त्याच्या खर्चाविषयी लेबल मौन पाळते. ८,५०० पौंडांवरील पिकअपच्या बाबतीत हा विरोध टोकाला गेलेला दिसतो. २०११ च्या नियमांनी २०१४ च्या मॉडेलांपासून त्यांचे लक्ष्य माल वाहण्याच्या व ओढण्याच्या शक्तीवर बेतले आणि चाचणीत निम्मा भार गृहीत धरला. भरलेल्या हौद्याची दखल मोजणीने घेतली ती येथे. मात्र या ट्रकांना इंधनखर्चाचे लेबल लावण्याची सक्तीच नव्हती. ज्या ट्रकाची मोजणी ओझ्यासह झाली, त्याचा आकडा खरेदीदाराच्या डोळ्यांपुढे आला नाही. आणि जो आकडा पुढे आला, तो ओझ्याविना मोजलेला होता.