कोणीही न ऐकलेली गोष्ट

अद्भुत कथांविषयी बोलू लागलो की शेवटी प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो. अमक्या लेखकाने तमक्याची कल्पना उचलली आहे, मग त्याला आपण मोठा का म्हणायचे? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, कोणाकडूनही काहीही न घेता अगदी पहिल्यांदा रचलेली अशी एखादी गोष्ट कुठेतरी असणार. आज आपण त्या 'पहिल्या' गोष्टीचा थोडा माग काढू. त्यासाठी फार लांब जायला नको, आपल्या पैठणपर्यंत गेले तरी पुरे.

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेव नावाच्या पंडिताने राणी सूर्यवतीसाठी 'कथासरित्सागर' रचला. विद्याधर, वेताळ, आकाशातून जाणारी यंत्रे, एका देहातून दुसऱ्या देहात शिरणारे जीव, काय नाही त्यात! या ग्रंथाची सुरुवातच आपल्या प्रश्नाने होते. पार्वती शंकराला म्हणते, मला अगदी नवी गोष्ट सांगा. शंकर तिच्याच पूर्वजन्माची हकीकत सांगू लागतात तेव्हा ती रागावते, कारण ती तिला ठाऊकच असते. मग दाराशी नंदीला बसवून, कोणालाही आत न सोडण्याची ताकीद देऊन शंकर विद्याधरांच्या कथा सांगू लागतात. पण पुष्पदंत नावाचा गण योगबळाने अदृश्य होऊन आत शिरतो आणि सगळे ऐकतो. ऐकून गप्प बसवते का? घरी जाऊन बायकोला सांगतो. ही जया पार्वतीचीच दासी. ती तीच गोष्ट पार्वतीला ऐकवते, आणि पार्वती शंकरावर उखडते, की ही कसली नवी गोष्ट, ही तर जयेलाही माहीत आहे!

म्हणजे पाहा, चोरी आधीच झालेली आहे आणि संशय मूळ सांगणाऱ्यावरच येतो आहे. पुष्पदंताला मनुष्यजन्माचा शाप मिळतो. त्याच्यासाठी रदबदली करणाऱ्या माल्यवानालाही तोच शाप. आणि उःशाप काय? पुष्पदंताने ती कथा विंध्यारण्यातल्या काणभूती या पिशाचाला सांगायची, माल्यवानाने ती काणभूतीकडून ऐकायची आणि जगात पसरवायची. गोष्ट चोरून सांगितली म्हणून शिक्षा, आणि सुटका कशी, तर तीच गोष्ट पुन्हा सांगून! आम्ही तत्त्वज्ञानात बरीच वर्षे काढली, पण मौलिकतेच्या कल्पनेची इतकी गमतीदार अडवणूक क्वचितच पाहिली.

हा माल्यवान म्हणजेच गुणाढ्य. तो जन्मला प्रतिष्ठान देशी, म्हणजे पैठणकडे, आणि सातवाहन राजाचा मंत्री झाला. पुढचा किस्सा पुष्कळांनी ऐकला असेल. जलक्रीडेत दमलेली राणी राजाला संस्कृतात म्हणाली, आता पाणी उडवू नका. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी होऊन 'मोदकैः' झाले, आणि राजाने लगबगीने मोदक मागवले. राणी हसली. राजा इतका खजील झाला की त्याने व्याकरण शिकायचा ध्यास घेतला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. तसे झाले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन, अशी गुणाढ्याने पैज घेतली आणि ती तो हरला. मग मुका होऊन विंध्यारण्यात गेला. तिथे त्याला उरली ती एकच भाषा, पिशाचांची पैशाची. काणभूतीकडून ऐकलेली ती महाकथा त्याने सात वर्षे बसून सात लाख श्लोकांत लिहिली. रानात शाई कुठली? स्वतःच्या रक्ताने लिहिली.

शिष्यांनी पोथी राजाकडे नेली तर राजाने नाक मुरडले. भाषा पैशाची, आणि वर रक्ताची अक्षरे! तेव्हा गुणाढ्याने अग्निकुंड पेटवले. एकेक पान वाचायचे, आगीत टाकायचे. रानातली जनावरे चरायचे सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहिली. इकडे राजाच्या ताटात सुकलेले, निःसत्त्व मांस येऊ लागले आणि तो आजारी पडला. चौकशी करत तो रानात पोचला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लाख म्हणजे 'बृहत्कथा'.

ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून ती कोणी घेऊ नये. पण 'बृहत्कथा' हा ग्रंथ खराच होता. दंडी त्याचा उल्लेख करतो, बाणभट्ट करतो. आज मात्र तो पैशाची ग्रंथ उपलब्ध नाही. तो आपल्याला माहीत आहे तो केवळ उसने घेणाऱ्यांमुळे. काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने आणि सोमदेवाने तो संस्कृतात आणला. बुधस्वामीची निराळी संस्कृत वाचना नेपाळातल्या हस्तलिखितांमधून मिळाली. फेलिक्स लाकोत या फ्रेंच पंडिताने १९०८ साली गुणाढ्यावर ग्रंथ लिहिला, त्यात तिची काश्मिरी वाचनांशी तुलना आहे. तमिळमध्ये 'पेरुंगदै' आहे. आणि संघदासगणीने तर जैन महाराष्ट्री प्राकृतात 'वसुदेवहिंडी' लिहिताना नायकच बदलला. नरवाहनदत्ताच्या जागी कृष्णाचे वडील वसुदेव! आतला सांगाडा गुणाढ्याचा आहे हे आल्सडोर्फ या जर्मन संशोधकाने विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात दाखवून दिले. एवढ्या लोकांनी हात मारला नसता तर गुणाढ्य आज नावालाही उरला नसता.

आता बाणभट्टाकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे. सातव्या शतकातला हा हर्षाच्या दरबारातला लेखक. त्याची 'कादंबरी' म्हणजे शापांनी आणि पुनर्जन्मांनी विणलेली अद्भुत कथा. राजा शूद्रकाच्या सभेत चांडाळकन्या बोलका पोपट घेऊन येते आणि पोपट गोष्ट सांगू लागतो. 'कथासरित्सागरा'च्या दहाव्या लंबकात हीच कथा आहे. तिथे राजा सुमनस, पोपट आणणारी निषादकन्या, महाश्वेतेच्या जागी मनोरथप्रभा, कादंबरीच्या जागी मकरंदिका. सोमदेव बाणानंतरचा असला तरी दोघांचा झरा बृहत्कथेचा, असे अभ्यासक मानतात. आणि हाच बाण 'हर्षचरिता'च्या आरंभी चोर कवींवर तुटून पडतो! अक्षरे फिरवून, रचनेच्या खुणा लपवून वावरणारा कवी जाणकारांत चोर म्हणून ओळखू येतोच, असे त्याचे म्हणणे. मग तो स्वतः कोण?

आमच्या मते बाणाच्या बोलण्यात विसंगती नाही. तो घेण्याला चोरी म्हणत नाही, लपवण्याला म्हणतो. त्याच प्रस्तावनेत त्याने बृहत्कथेची नाव घेऊन स्तुती केली आहे. 'कादंबरी'त मात्र तो आपली कथा दोघींना मागे टाकणारी आहे एवढेच सुचवतो. त्यांतली एक बृहत्कथा, हे टीकाकारांनी सांगायचे! इथे बाण थोडा हात आखडता घेतो, असे आम्हाला वाटते.

या घेण्यादेण्याचे शास्त्र पुढे नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात मांडले. दोन रचनांतले साम्य तीन प्रकारचे. आरशातल्या प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या माणसांसारखे. प्रतिबिंबाला स्वतःचा आत्मा नाही. चित्राला असला तरी क्षुल्लक. पण दोन माणसे दिसायला सारखी असली तरी प्रत्येकाचा जीव स्वतंत्र असतो, म्हणून तिसऱ्या प्रकाराला दोष नाही. ही कसोटी आजही चालते. टॉल्किनच्या 'हॉबिट'मधली (१९३७) बहुतेक बुटक्यांची नावे 'व्होलुस्पा' या जुन्या नॉर्स काव्यातली. गँडाल्फ हे नावही त्याच यादीतले, आणि तिथे तो जादूगार नसून बुटका आहे! ड्रॅगनच्या खजिन्यातला पेला चोरण्याचा प्रसंग 'बेवुल्फ'मधला. तरी बिल्बोचा जीव बिल्बोचाच आहे. उलट टेरी ब्रुक्सच्या 'द स्वोर्ड ऑफ शॅनारा'वर (१९७७) टॉल्किनच्या नकलेचा आरोप झाला, आणि आम्ही तरी तिला चित्राच्या वर्गात घालू. आणि 'चांदोबा'तला विक्रम-वेताळ आठवा. मूळ गोष्टी पंचवीसच, पण मासिकातला वेताळ वर्षानुवर्षे नव्या गोष्टी सांगत झाडावर परतत राहिला. तिथे खोळ जुनी आणि जीव नवा.

पण आनंदवर्धन एक प्रश्न विचारत नाही. कोण कोणाकडून घेतो? तो प्रश्न राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त, इसवी सन ९०० च्या आसपास, जरा आडवाटेने येतो. राजशेखराचे घराणे महाराष्ट्राचे मानले जाते. तो काव्यातल्या 'हरणा'चा विचार करताना आपली विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत देतो. घ्यायला हरकत नाही असे म्हणून ती कारणे मोजते. तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. त्याची वाणी गुळवेलीसारखी, माझी द्राक्षासारखी. त्याच्या भाषेला मान नाही, माझ्या भाषेला आहे. त्याचा मूळ ग्रंथच नष्ट झालेला.

ही यादी पहिल्यांदा वाचली की हसू येते. दुसऱ्यांदा वाचताना आम्हाला त्यात गुणाढ्य दिसतो. मान नसलेली पैशाची आणि नष्ट झालेला ग्रंथ, दोन्ही कारणे त्याला तंतोतंत लागू पडतात. म्हणून सोमदेवाचे आम्हाला विशेष वाटते. बाणापेक्षा तो लहान लेखक असेल, पण तो सुरुवातीलाच सांगून टाकतो, की मूळ जसे आहे तसेच हे आहे, मी संक्षेप केला आणि भाषा बदलली. शिवाय हरलेल्या, हिणवलेल्या गुणाढ्याची सगळी कहाणी, रक्ताच्या अक्षरांसकट, ग्रंथाच्या दारातच ठेवतो.

आपल्या मराठीचे म्हणाल, तर एकोणिसाव्या शतकात नॉव्हेल नावाचा प्रकार इकडे आला तेव्हा त्याला आपण नाव दिले ते बाणाच्या त्या अद्भुत कथेचे, तिच्या नायिकेचे. हळब्यांच्या 'मुक्तामाले'ला (१८६१) आपण कादंबरी म्हणतो, हरिभाऊ आपट्यांच्या वास्तववादी लेखनालाही कादंबरीच म्हणतो. तो शब्द बाणाचा आहे हे पुष्कळांना माहीत असते. त्याच्यामागे पैठणकडचा एक माणूस उभा आहे, हे ग्रंथालयाच्या कोणत्याही कपाटावर लिहिलेले नसते.