वजन करून यायचं ते वीजबिल

वीजबिलाचा फोटो आणि त्याखाली "बघा कसं लुटतात", हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असणार. आजचा भाग त्यावरच आहे, पण सुरुवात न्यूयॉर्कपासून करू, कारण बिलावरचा संशय तिथपासून चालत आलाय.

४ सप्टेंबर १८८२ ला एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं. वीज विकायची तर ती मोजायला हवी. एडिसनचा मीटर म्हणजे चक्क काचेची बरणी, तिच्यात झिंक सल्फेटचं पाणी आणि जस्ताच्या पट्ट्या. ग्राहकाच्या विजेचा अगदी छोटा, ठरावीक हिस्सा त्या पाण्यातून जायचा आणि तेवढ्या प्रमाणात एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर बसायचं. महिन्याला कंपनीचा माणूस पट्ट्या काढून न्यायचा, तिकडे त्यांचं वजन व्हायचं आणि त्या वजनावरून बिल! थंडीत पाणी गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीत एक दिवाही असायचा. (हा जुगाड मला भलताच आवडतो.) पण ग्राहकाला वाचण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. काटा नाही, आकडा नाही.

बँकर जे. पी. मॉर्गनचासुद्धा या मीटरवर विश्वास नव्हता, आणि त्याच्या पेढीचे तर एडिसनच्या कंपनीत पैसे होते. एडिसनने पुढे सांगितलेली आठवण अशी, की मॉर्गनच्या कचेरीत दिव्यांना कार्डं टांगली. कुठला दिवा किती तास लागला ते त्यावर लिहायचं. महिनाअखेर कार्डांचा हिशेब आणि मीटर जुळेनात. शेवटी चौकशीत निघालं की रात्री झाडलोट करणारा माणूस दिवे लावून काम करायचा, आणि ते तास कार्डावर लिहायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते धरल्यावर हिशेब जुळला. आमच्या धंद्यात रोज हेच होतं, प्रोग्राम बरोबर आणि लॉग अर्धवट.

१८८९ मध्ये हंगेरीच्या ओट्टो ब्लाथीने फिरत्या चकतीचा मीटर आणला. आपल्या जुन्या घरांत दिसायची ती चकती त्याच वंशातली. आता आकडा घरातच दिसायला लागला.

पण आकडा दिसला तरी तो वाचायला कुणीतरी यावं लागतं, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रात नेमकं तेच थांबलं. मार्चअखेरीपासून रीडिंग बंद, म्हणून बिलं आधीच्या थंडीच्या महिन्यांच्या सरासरीवर गेली. इकडे एप्रिल-मेचा उकाडा, सगळे घरात, पंखे-एसी दिवसभर चालू. जूनमध्ये खरं रीडिंग झालं आणि राहिलेला सगळा फरक एकाच बिलात आला. फेब्रुवारीचं बिल शेजारी ठेवून "दुप्पट-तिप्पट" म्हणणारे फोटो तेव्हा धडाधड फिरले.

त्यातला सगळ्यात जोरदार दावा स्लॅबचा होता. तीन महिने एकत्र मोजून आपल्याला मुद्दाम महागड्या स्लॅबमध्ये ढकललं, असा. हा दावा तपासता येतो. समजा तीन महिन्यांत ६०० युनिट वापरले. ते एकाच महिन्याचे धरले, तर सगळ्यात स्वस्त दर फक्त पहिल्या १०० युनिटना मिळतो आणि शेवटचे १०० थेट ५०० च्या वरच्या, सगळ्यात महाग स्लॅबमध्ये जातात. महिन्याला २०० असे वाटले, तर ३०० युनिट स्वस्त दराने आणि उरलेले ३०० दुसऱ्या, म्हणजे १०१ ते ३०० च्या स्लॅबने. महावितरणची बिलं अशी महिन्यांत विभागूनच केलेली होती. पण ते कळायला बिलावरची बारीक अक्षरातली बेरीज-वजाबाकी उकलावी लागायची, आणि रोजगार गेलेल्या माणसाने तेवढा धीर कुठून आणायचा? शिवाय १ एप्रिल २०२० पासून दरही बदलले होते. म्हणजे "दर बदलले" हे खरं, "स्लॅबमध्ये ढकललं" हे चूक, आणि मेसेजमध्ये दोन्ही एकाच वाक्यात.

"आमच्याकडे युनिट इतक्याला, तुमच्याकडे तितक्याला" हीसुद्धा तीच गंमत. एकूण रकमेला युनिटने भागलं की स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क सगळं त्या भागाकारात शिरतं. ४० युनिटवाल्याचा स्थिर आकार थोड्याच युनिटवर पसरतो, म्हणून तो आकडा उगाच फुगतो.

आता नवा मेसेज स्मार्ट मीटर "पळतो" असा आहे. तुमच्या मीटरवर 'इम्प' असं लिहून एक आकडा असतो, समजा ३२००. म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फक्त १००० वॅटची इस्त्री किंवा हीटर सलग चालू ठेवा आणि एक मिनिट मोजा. साधारण ५३ वेळा लुकलुकायला हवा. इस्त्री मध्येच आपोआप बंद होते, तेवढं सांभाळा.